किल्ल्यांचा तक्ता

रामबागेत आमच्या संस्थेची इमारत.
दारं एकतीस, कुलपं चव्वेचाळीस,
किल्ल्या एकशे नऊ.
हिशेब जुळेना, म्हणून मला बोलावलं.
वीज मंडळात तीस वर्षं मी
न जुळणारेच हिशेब सांभाळले.

ठराव असा:
जुनी कुलपं काढावीत, नवी बसवावीत,
एका किल्लीनं सगळी दारं उघडावीत,
आणि ती किल्ली कोणाकडे राहील
हे पुढच्या बैठकीत ठरवावं.
पुढची बैठक आतापर्यंत तीनदा झाली.

सियागंजात हातिमभाईंनी
जुन्या बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं:
वर एक, तिच्या खाली तीन,
त्या तिघींच्या खाली बाकीच्या.
वंशावळ दिसतेय, मी म्हटलं.
चष्मा पुसत ते म्हणाले,
"झगड़ा भी वैसा ही होता है, बाई."

माझी सून साताऱ्याची, ती किल्ली म्हणते.
आम्ही इंदूरचे, चाबीच म्हणत आलो.
तक्त्यावर मात्र किल्ली लिहिलं,
ठरावाला शोभेल असं.

चौकटी आखल्या.
शिवणवर्ग: निरखीवाले बाई. स्वतःची एक, कपाटाची एक.
वाचनालय: रिसबूड. त्यांना सभागृहही हवं,
कारण सरमंडलांकडे सभागृह आहे.
सरमंडलांना वाचनालय नको,
पण रिसबूडांकडे दोन असतील तर त्यांनाही दोन.
तपासणी केंद्राच्या डॉक्टरांनी निरोप धाडला,
आमच्या फ्रीजच्या खोलीला तुमची मोठी किल्ली लागता कामा नये.
खोडरबर निम्मं झिजलं.

गेंदालालची चौकट सगळ्यात खाली:
फाटक आणि पंपाची खोली.

त्याचा जुडगा मी मोजायला घेतला तेव्हा
तो स्टुलावर बसून राहिला,
न्हाव्याकडे मान दिल्यासारखा.
वाचनालयाला हिरवा दोरा,
शिवणवर्गाच्या किल्लीला स्वेटरचं बटण,
सभागृहाच्या किल्लीला काहीच नाही,
"वो तो वजन से पता चल जाती है."
लाइट गेल्यावर जिन्यात काळोख असतो, तेव्हाही
तो एकाच हातानं दार उघडतो,
दुसऱ्या हातात कुणाचं तरी सामान असतं.

सात किल्ल्या कशालाच लागल्या नाहीत.
एकतीसही दारांना लावून पाहिल्या,
रॉकेल घालूनसुद्धा.
भंगारात टाकू का, विचारलं.
त्यानं ऐकलं नाही असं केलं
आणि त्या परत कड्यात ओवल्या.

आणि गच्चीचं दार, क्रमांक एकोणतीस.
त्याचं कुलूप नुसतं अडकवलेलं असतं,
दाबलेलं कधीच नाही.
थंडीत शिवणवर्गाच्या मुली
उन्हात बसून डबे खातात तिथे,
टाकीच्या कठड्यावर चिंचेचे चिंचोके सुकत घातलेले.
कमिटीतल्या कुणाचेही गुडघे तितकं चढत नाहीत.
नवं कुलूप ओढलं की आपोआप बंद होतं,
हातिमभाईंनी कौतुकानं दोनदा करून दाखवलं.
टक्. टक्.

घरी येऊन मी लिहिलं:
दार क्र. २९, कुलपाची आवश्यकता नाही.
अंदाजपत्रक अठराशे पन्नासनं उतरलं,
अध्यक्षांनी काटकसरीबद्दल माझं अभिनंदन केलं.

राहिली वरची चौकट.
रिसबूड की सरमंडल, की बँकेच्या लॉकरमध्ये,
असंही एकानं सुचवलं.
मी दुसराच तक्ता मांडून पाहिला:
रात्री दोनला पाइप फुटला,
तारांमधून धूर आला,
फ्रीजच्या खोलीत अलार्म वाजायला लागला,
तर आत कोण असतं?
एकच नाव आलं, तिन्ही ओळींत.

वरच्या चौकटीत शाईनं लिहिलं: गेंदालाल.
अक्षर जरा मोठं आलं, चौकटीबाहेर गेलं.

बैठक सोमवारी साडेपाचला आहे.
पेन्सिल आणि ते अर्धं खोडरबर
मी घरी ठेवून जाणार आहे.